शेंदराखालचं हाड

गेल्या वर्षी हिंगोलीच्या एका दवाखान्यात पोरसवदा डॉक्टरीणबाईने माझ्या उजव्या घोट्यावर गार, चिकट मलम थापलं आणि पोटातलं बाळ बघायचं यंत्र त्यावरून फिरवायला लागली. मी म्हटलं, "बाई, या वयात तिथं काही सापडायचं नाही." ती हसली. अंगणात माझा पाय घसरला होता, घोटा सुजला होता, आणि काही मोडलंय का ते तिला बघायचं होतं. पडद्यावर सगळं करडं करडं होतं आणि त्यात एक पांढरी रेघ. ती म्हणाली, ही रेघ म्हणजे हाडाची वरची कड, ती सलग पाहिजे. "नवीन काही मोडलेलं नाही. पण आजी, इथं बघा, कडेला पायरी पडलीय. हे फार जुनं आहे. मोडलं आणि वाकडंच जुळलं."

सोनोग्राफीत हाडाची कड दिसते, सांध्याच्या आतलं दिसत नाही, त्याला एक्स-रेच लागतो, असं सांगून तिने एक्स-रेही काढायला लावला. त्यातही तेच निघालं. ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी धरून बघत राहिली आणि मग मला विचारलं, "एवढं मोडलं होतं, तर तेव्हा कुणी एक्स-रे काढला नव्हता का?"

"काढला होता की," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटलं नाही. तिचा काय दोष? मलाच कधी कधी खरं वाटत नाही. म्हणून लिहून काढते आहे. माझं शिक्षण आठवीच्या सहामाहीपर्यंतचं. तेवढ्यात बसेल तेवढं.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून आत, पांदणीने जावं लागे असं. जिल्हा तेव्हा परभणी. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गावच्या मारुतीचे गुरव. पहाटे झाडलोट, विहिरीचं पाणी, दिवाबत्ती, आणि दर शनिवारी देवाला शेंदूर. तेलात कालवलेला शेंदूर हाताने लावायचा, आदल्या थरावर नवा थर. असे पिढ्यांचे थर बसून आमचा मारुती इतका जाड झाला होता की नाक-डोळे अंदाजानेच ओळखायचे. तो शेंदूर कुणी कधी खरवडायचा नाही. फार थर झाले की देव आपल्या मनाने खोळ सोडतो, ती आपोआप सुटून पडते, मग ती वाजतगाजत नदीत सोडायची. दादांच्या आजोबांच्या वेळी एकदा सुटली होती म्हणे. दादा आयुष्यभर त्या खोळीची वाट बघत होते.

दादांना अक्षर येत नव्हतं. स्तोत्रं सगळी पाठ, पण ऐकून. एकदा नाक्यावर एसटीतून एक शिक्षिका उतरताना त्यांनी पाहिली. हातात छत्री, खांद्याला पर्स, आणि कंडक्टर तिला "उतरा बाई, सावकाश" म्हणतोय. त्या दिवसापासून दादांच्या डोक्यात एकच. आमची पोरगी अशी उतरली पाहिजे. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची नाक्यावर, रोज पायी जाऊन पायी यायचं. आमच्या आळीतली एकही मुलगी सातवीपुढे गेली नव्हती. पारावर लोक दादांची थट्टा करायचे, "काय गुरव, पोरीला मास्तरीन करून राहिला व्हय? मंग देवाला शेंदूर कोन लावीन, जावई?" दादा नुसते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पिशवीत भाकरी बांधून द्यायचे. माय नव्हती देत, दादा द्यायचे. मायला हे शिक्षणाचं खूळ मंजूर नव्हतं.

मला मात्र शाळा आवडायची. खोटं कशाला बोलू, मी हुशार होते. भूमितीत तर मुलांच्या पुढे. आज हे सांगायला कुणी साक्षीदार उरला नाही, म्हणून मीच सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-अडीच वर्षं झाली असतील. दुष्काळी कामावर आमच्या गावापासून नाक्यापर्यंत सडक करायला घेतली होती. लोकांनी खडी फोडली, खडी पसरली, मग पाऊस पडला, लोक आपापल्या शेतात गेले आणि सडक तशीच राहिली. रोलर काही आला नाही. पांदणीत गुडघाभर चिखल, म्हणून आम्ही त्या सुट्या खडीवरून चालायचो. दिवाळीच्या आधीची गोष्ट. सहामाहीचा पहिला पेपर होता, मला उशीर झाला होता आणि मी पळत होते. खडी सरकली, पाय आतल्या बाजूला वळला आणि मला माझ्याच पायातून काडी मोडल्यासारखा आवाज ऐकू आला. मी तो आवाज ऐकला होता. पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना हेच सांगत राहिले.

कडबा घेऊन चाललेल्या एका गाडीवानाने मला घरी आणलं. घोटा तोवर वांग्याएवढा आणि वांग्याच्याच रंगाचा झाला होता. माय हळद-तेल तापवायला लागली. दादा म्हणाले, थांब. देवळात गेले आणि शेंदराची वाटी घेऊन आले. माझ्या पायाशी बसून त्यांनी बाहेरच्या बाजूने सगळ्या घोट्याला शेंदूर लावला. देवाला लावतात तसा, तोंडाने स्तोत्र म्हणत. त्यांचा हात इतका हलका होता की मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक थर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सूज हटेना तेव्हा ते म्हणाले, हिंगोलीला जाऊ, फोटो काढू. म्हणजे बघा, माझे वडील काही अडाणी हट्टी माणूस नव्हते. देवाचंही करायचं आणि डॉक्टरचंही करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. नेमका तोच आम्हाला नडला.

हिंगोलीत एका डॉक्टरांकडे एक्स-रेचं यंत्र होतं. बाजाराचा दिवस, वऱ्हांड्यात माणसावर माणूस. फोटो काढणारा माणूस चिडचिड्या. वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. माझा पाय बघून म्हणाला, "ये क्या लगाया? पुसून घ्या हे."

दादा म्हणाले, "देवाचा शेंदूर हाय साहेब. तो आपल्या हातानं काढायचा नसतो. त्याच्या मनानं सुटतो."

"अहो, फोटो काढायचाय."

"मंग काढा ना. तुमचा उजेड कातड्यातून जातो, मासातून जातो, हाडापस्तोर जातो म्हन्ता. त्याला एवढ्याशा शेंदराची काय तकलीफ?"

त्या माणसाने डोकं खाजवलं. मला अजून वाटतं, त्यालाही ते पटलं. खरंच, कुणालाही पटावं असंच ते बोलणं होतं. त्याने माझा पाय टेबलावर आडवा टाकला, एकच फोटो काढला आणि पुढच्याला हाक मारली.

फिल्म ओली असतानाच डॉक्टरांनी ती खिडकीकडे धरली. माझ्या पायाची हाडं राखाडी दिसत होती, आणि घोट्यावर पांढराशुभ्र एक ठिपका. ठिपका कसला, चांगला तळहाताएवढा डाग. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? आतून फोटोवाल्याचं उत्तर आलं, "बाहेरचा लेप आहे, साहेब. काढू देत नाहीत." डॉक्टर म्हणाले, "बरं. बाकी हाड तर शाबूत दिसतंय. मुरगळलंय. पट्टी बांधा, आठ-दहा दिवसांनी चालायला लागू दे." एवढं बोलून ते पुढच्या रोग्याकडे वळले.

"बाकी" हा शब्द त्यांच्या तोंडून किती सहज गेला. त्या बाकीच्या हाडाला काही झालंच नव्हतं. जे मोडलं होतं ते डागाखाली होतं, आणि डागाखाली बघायची गरज कुणाला वाटली नाही. त्या डॉक्टरांवर माझा राग आहे. ते आता हयात नसतील, तरी आहे.

दादांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. परतताना एसटीत त्यांनी ती फिल्म पुन्हा पुन्हा उन्हाकडे धरून पाहिली. माझ्या साऱ्या पायात तेवढीच एक जागा लख्ख पांढरी, आणि ती नेमकी जिथं त्यांनी शेंदूर लावला तिथं. त्यांनी काय समजावं? ते हळूच मला म्हणाले, "पाह्यलं का बाई? देव दिसून राह्यला. कवच घातलं त्यानं तुह्या पायाला." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही भरले होते, पण एसटीच्या प्रत्येक धक्क्याला घोट्यातून कळ येत होती म्हणून.

गावात ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! दादांनी ती फिल्म देवळात खुंटीला टांगली. लोक यायचे, फिल्म उन्हात धरायचे, पांढऱ्या डागाला बोट लावून बोट कपाळाला लावायचे. नाक्यावरूनही माणसं आली. नारळ फुटले. माझ्या मोडक्या हाडाला नारळ फुटत होते आणि मी घरात उशी तोंडात धरून पडून होते.

आठ-दहा दिवस झाले आणि मला उभं केलं. मी किंचाळून खाली बसले. माय म्हणाली, "नाटकं बास. फोटोत न्हाई, तं पायात कुठून आलं?"

या एका वाक्यापुढे माझं काही चाललं नाही. मी म्हणायचे, माय, मी आवाज ऐकला. ती म्हणायची, डाक्टरनं पाह्यलं, देवानं पाह्यलं, तूच तेवढी शहाणी? शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरीला शाळा नको झाली, दुसरं काही न्हाई. ज्या शाळेसाठी मी जीव टाकत होते तीच चुकवायला मी रडते, असं गावाने ठरवून टाकलं. दुखणं सोसता येतं हो. बायका मुलं जन्माला घालतात, सोसतातच की. पण तुमचं दुखणं खोटं आहे असं चारचौघांनी सांगितलं की माणूस आतून खचतो. काही दिवसांनी तर मलाच वाटायला लागलं, मीच खोटी असेन.

फक्त दादा कधी मला खोटं म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "दुखनं हत्तीच्या पायानं येतं न् मुंगीच्या पायानं जातं, बाई. चाल थोडं थोडं." आणि त्यांच्यासाठी मी चालले. भिंतीला धरून, मग काठी घेऊन. शाळेचा निम्मा रस्ता गाठला की बांधावर बसायचं, आणि कळ थांबेतो शाळेची घंटा होऊन गेलेली असायची. असं काही दिवस चाललं. मग मी बांधापर्यंतही जाईनाशी झाले. सहामाही गेली, वार्षिक गेली. शाळेतून निरोप आला की नाव कमी केलं आहे.

तेवढ्या अवधीत शेंदूर कधीच सुटून गेला होता. एका सकाळी अंथरुणात लाल कपच्या पडलेल्या दिसल्या. दादांनी त्या फडक्यात गोळा केल्या, नदीवर नेऊन सोडल्या. कुणाच्या मनात आलं नाही की आता पाय मोकळा आहे, पुन्हा फोटो काढावा. फोटो तर झालाच होता.

पुढच्या उन्हाळ्यात मायने ओसरी सारवली आणि ओल्या सारवणावरून मी पलीकडे गेले. ती रागावली म्हणून दादा बघायला आले. माझी पावलं उमटली होती. डावं पाऊल पुरतं, बोटं-टाच सगळं. उजव्याची नुसती आतली कड, आणि तीही बाहेर फेकलेली. दादा त्या पावलांपाशी उकिडवे बसून राहिले. दोन दिवसांनी त्यांनी देवळातली फिल्म उतरवली, पंच्यात गुंडाळली, आणि नाक्याच्या स्टेशनावरून आम्ही दोघं अकोल्याच्या गाडीत बसलो. तिथं हाडांचा मोठा डॉक्टर आहे असं कुणीतरी सांगितलं होतं.

त्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला. उभा, आडवा, तिरपा. मग नवी फिल्म आणि आमची जुनी अशा दोन्ही काचेच्या दिव्यावर लावल्या. जुन्या फिल्मवर बोट ठेवून विचारलं, "तेव्हा घोट्याला काय लावलं होतं?"

दादा म्हणाले, "देवाचा शेंदूर." आवाजात थोडा अभिमान होता. शेवटचाच.

डॉक्टर वयस्क होते. रागावले नाहीत, हसलेही नाहीत, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं की शेंदरात शिसं असतं. हा उजेड सगळ्यातून जातो, शिशातून जात नाही. म्हणूनच फोटो काढणारे अंगात शिशाचा कोट घालतात. शेंदूर होता तेवढ्या जागेचा फोटो निघालाच नाही. आणि हाड नेमकं तिथंच मोडलं होतं. त्यावर चालून चालून ते सरकलं, वाकडं जुळलं आणि आता सांधाही बिघडला.

"मंग हे पांढरं..." दादांनी विचारलं, "हे देव न्हाई?"

"नाही हो. सावली आहे शिशाची."

"धुतला असता तं?"

डॉक्टरांनी जुनी फिल्म दिव्यावरून काढली. "तर दिसलं असतं. दीड महिना प्लॅस्टर घातलं असतं. पोरगी चालली असती."

आता काही करता येईल का, हेही दादांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला मोठं ऑपरेशन होतं, पण पाय पहिल्यासारखा होईल असं मी सांगू शकत नाही. उगाच आशा लावली नाही त्यांनी.

परतीच्या गाडीत दादा खिडकीपाशी बसले होते. पैनगंगेच्या पुलावर गाडी आली तशी त्यांनी पंच्यातून जुनी फिल्म काढली आणि बाहेर सोडली. सवयीने हात जोडले गेले, आणि आपण हात जोडलेत हे लक्षात आल्यावर त्यांनी ते मांडीवर ठेवले. वाऱ्याने ती फिल्म थोडा वेळ डब्यालाच चिकटून राहिली, मग गेली. पाण्यात पडली की रुळावर, मला दिसलं नाही. गावात लोकांनी फिल्म मागितली तेव्हा ते म्हणाले, गाडीत राह्यली. शनिवारी त्यांनी देवाला शेंदूर लावला. लावणं भागच होतं, ती सेवा होती. पण स्तोत्र म्हणत नव्हते. मी देवळापुढच्या पारावर बसले होते, मला ऐकू आलं असतं.

मला त्यांचा राग आला का? आला. फार आला. आणि तो कुणावर काढावा ते कळेना. ज्या माणसाने सगळ्या गावाशी वाद घालून मला शाळेत घातलं, त्याच्याच हाताने ती गेली होती, आणि तो हात माझ्या पायावरून इतक्या मायेने फिरला होता. शत्रूने केलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

जूनमध्ये शाळा उघडली. दादा मला न सांगता नाक्यावर गेले, हेडमास्तरांचे पाय धरले आणि माझं नाव पुन्हा आठवीत घालून आले. घरी येऊन म्हणाले, "उद्यापासून जायचं."

"कशी जाऊ, दादा?"

"म्या नेतो ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाठुंगळी घेतलं. मी चौदाची होऊन गेले होते, परकर-पोलक्यातून साडीत यायचं वय. पांदणीने, खडीवरून, ते मला पाठीवर घेऊन नाक्यापर्यंत गेले. त्यांचा श्वास माझ्या छातीला लागत होता. शेतातल्या बायका कंबर सरळ करून बघत होत्या. शाळेच्या फाटकात मुलं जमली. कुणी मोठ्याने हसलं नाही, पण मुली तोंडावर हात धरून एकमेकींना चिमटे काढत होत्या. वर्गात मी सगळ्यांपेक्षा मोठी. फळ्यावर भूमिती होती, आणि मला ती येत होती. मला ती अजून येत होती! संध्याकाळी दादा फाटकाशी उभे होते, अंगरखा घामाने भिजलेला. परत येताना ते दोनदा थांबले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर भरलं नाही. दादा दारात आले, कालच्यासारखे माझ्याकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले आणि दोन्ही हात मागे केले.

मी म्हटलं, "दादा, मी नाही येत."

ते हलले नाहीत. माय आतून म्हणाली, "उठा आता. ती न्हाई येत म्हन्ते ना."

मी भिंतीला धरून आत गेले आणि चुलीपाशी बसले. माय पीठ मळत होती, तिने परात माझ्याकडे सरकवली. मी भाकरी थापायला घेतली. मधून मधून बाहेर बघत होते. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, अंगणातून लोक येऊन-जाऊन राहिले, कुणी रामराम घातला. दादा तसेच हात मागे धरून बसले होते.